तेहेतीस टक्क्यांची सरळ रेघ

सोमवारी सकाळी साडेआठला बियाणं निवडणाऱ्या कौशल्याबाईंनी कुलूप काढून थंड खोलीचं दार ओढलं आणि त्यांना आधी नत्थुजींच्या वहाणा दिसल्या. वहाणा दाराशी, उंबऱ्याच्या आत होत्या. नत्थुजी समोरच्या भिंतीशी होते.

सोयाबीनच्या थप्पीतून दोन पोती ओढून त्यांनी एकावर एक ठेवली होती आणि त्यांवर ते अर्धवट बसले होते. पाठ भिंतीला, मान वर, तोंड उघडं. डोक्याच्या वर हातभर अंतरावर खिळ्याला एक पांढरी पेटी लटकत होती. अंगात बंडी आणि धोतर, एवढंच. बाहेर अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर तापलेला आणि हा माणूस थंडीनं मेला होता.

बियाणे संघाचं हे गोदाम पातूर रस्त्यावर, गावाबाहेर आहे. साल २०१२. नत्थुजी तिथे अकरा वर्षं पहारेकरी होते. वय बासष्ट, अंगावर मांस असं नव्हतंच. थंड खोलीत पैदाशीचं बियाणं दहा अंशांवर, कोरड्या हवेत ठेवतात. खोलीच्या भिंती वीतभर जाड. आतून कितीही ओरडलं तरी बाहेर ऐकू जात नाही.

फौजदार सुगत तायडे दुपारपर्यंत आले, संध्याकाळपर्यंत त्यांनी आरोपीही धरला. इतक्या झटपट सुटलेल्या गणिताची मला तरी धास्तीच वाटते. आरोपी म्हणजे ताहेर, थंड खोलीचं यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री. एरवी तो महिन्यातून एकदा, मंगळवारी यायचा. पण गारवा कमी पडतोय म्हणून शनिवारी त्याला फोन करून बोलावलं होतं. तो साडेसहाला आला, थेट छतावर यंत्राशी गेला आणि सव्वा तासानं, पावणेआठच्या सुमारास, खाली उतरून घरी गेला. जाताना नोंदवहीत त्यानं लिहिलं: ‘काम पूर्ण. दार बंद करून कुलूप लावले.’ दाराला आतून उघडायचा दांडा असतो, तो तीन महिन्यांपासून तुटलेला होता.

दुसरा पुरावा व्यवस्थापक उमाकांत लाहोळे यांनी आणून दिला. भिंतीवरची पेटी दर दहा मिनिटांनी खोलीची उष्णता आणि ओलावा टिपते. त्या नोंदींचा छापील कागद. शनिवारी सात वाजून दहा मिनिटांनी आकडे एकदम उसळलेले. म्हणजे दार उघडलं गेलं. त्या वेळी गोदामात कोण होतं? ताहेर आणि नत्थुजी. लाहोळे स्वतः पाच वाजताच घरच्यांना घेऊन मोटारीनं अमरावतीला भाचीच्या लग्नाला निघाले होते. समोरच्या चहावाल्यानं मोटार जाताना पाहिली होती.

लाहोळे म्हणाले की नत्थुजी गारव्याला आत जाऊन डुलकी काढायचा. ताहेरनं न बघता कुलूप घातलं आणि रविवारच्या सुटीत बिचारा आतच गेला. बोलताना त्यांनी रुमालानं डोळेही टिपले.

मंगळवारी सकाळी ठाण्यात एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर साधा बुरखा, हातात हत्यारांची पिशवी. ती अनीसा, ताहेरची धाकटी बहीण. अमरावतीच्या तंत्रनिकेतनातून शिकून आलेली, अकोल्यात जुन्या शहरात तिचं दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा नाही, पोरबाळ नाही, एक भाऊ आणि त्याचा संसार एवढंच तिचं घर. आणि ती पेटी तिनंच बनवलेली.

“तुमच्याच पेटीनं तुमच्या भावाले बुडवलं, ताई,” तायडे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

“कागद पाहू द्या मले.”

“भावानं कुलूप लावलं की नाही?”

“तो म्हणते, नाही लावलं. खाली उतरला तेव्हा लागलेलंच होतं.”

“मंग लिहिलं काहून?”

“दर खेपेले तेच लिहिते तो. दोन वर्षांची वही काढा, शब्दसुद्धा बदललेला नसंन. साहेब, तुमी पंचनाम्यात ‘समक्ष’ लिहिता, तेव्हा दर वेळी समक्षच असता का?”

तायड्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि कागद पुढे सरकवला. त्यांना राग यायला हवा होता, पण नोंदवहीची ती खोड त्यांनाही ठाऊक होती.

कागद असा होता. शनिवारी दिवसभर दहा अंश, ओलावा तेहेतीस टक्के. सात-दहाला सदतीस अंश, एकवीस टक्के. साडेसातनंतर पुन्हा दहा आणि तेहेतीस. रात्रभर तेच. रविवारी दुपारी दोनपासून उष्णता हळूहळू चढत सहापर्यंत सोळावर गेली, मग उतरली. ओलावा मात्र तेहेतीस. सोमवारी सकाळी आठला, नऊला, दहाला दहा अंश आणि तेहेतीस. तिथे कागद संपला. दहाला लाहोळ्यांनी नोंदी काढायला पेटी खाली उतरवली होती.

अनीसानं आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं. मग तिनं विचारलं की पेटी कुठे आहे. मुद्देमालातून पेटी आली. तिनं झाकण उघडून आतल्या हिरव्या पट्टीवर भिंग धरलं. पट्टीच्या टोकाला एक चिप होती, शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढी, तिच्यावर जाळीची टोपी. टोपीच्या कडेला पांढरा कण चिकटला होता. तिनं तो नखानं खरवडला नाही, तायड्यांनाच दाखवला.

“हे काय करते नेमकं?” तायड्यांनी विचारलं.

अनीसानं सांगितलं ते तायड्यांनी पुढे कोर्टातही सांगितलं, म्हणून इथे नीट देतो. या चिपमध्ये दोन नाकं असतात. एक उष्णता ओळखतं. दुसरं म्हणजे दोन बारीक पत्र्यांमध्ये बसवलेला एक पातळ पापुद्रा. पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड जसा हवेतलं पाणी पिऊन मऊ पडतो, तसा हा पापुद्रा पाणी पितो, आणि हवा कोरडी झाली की ते सोडूनही देतो. जितकं पाणी प्यायला तितकी त्या पत्र्यांची वीज साठवायची ताकद वाढते. चिप ती मोजते, उष्णतेचा हिशेब लावते आणि तयार आकडा तारेवरून पाठवते.

“पन टक्के म्हंजे हवेत पाणी किती, असं नाही,” ती म्हणाली. “त्या उष्णतेले हवा जेवढं पाणी पेलू शकते, त्यातलं किती भरलं, ते. गरम हवा जास्त पेलते, थंड हवा कमी. तेच पाणी, पन हवा तापली की टक्का उतरते, गार झाली की चढते. एवढं ध्यानात ठेवा साहेब. मी गोदामात जाऊन येतो.”

ती ‘येतो’ म्हणाली. इकडच्या बायका असंच म्हणतात, आणि असं म्हणणाऱ्या बाईला अडवण्याची हिंमत फार पुरुषांत नसते.

गोदामात निवडणाऱ्या बाया सावलीला बसल्या होत्या. काम बंद होतं. कौशल्याबाईंनी तिला ओळखलं. दोन वर्षांपूर्वी पेटी बसवताना अनीसानं चिपवर तोंडानं हाऽऽ करून श्वास सोडला होता, आकडा सरसर चढला होता आणि साठ टक्क्यांवर बाहेरचा भोंगा कोकलला होता. बाया हसून लोळल्या होत्या. नत्थुजींना तर तो खेळच लागला. पोत्यावर चढून पेटीला हाऽऽ करायचे आणि भोंगा वाजला की बाहेर येऊन विचारायचे, काय झालं बाई, कोन कोकललं?

“मंग बंद केलं त्यायनं,” कौशल्याबाई म्हणाल्या. “माघात साहेबानं दम देल्ला. पेटीले तोंड लावशीन तं नोकरी जाईन म्हने. तवापासून नाही चढला.”

“खोलीत काही बदल वाटला का माघापासून?”

कौशल्याबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग पदराच्या गाठीतून सोयाबीनचे चार दाणे काढून एक अनीसाच्या हातावर ठेवला. “दाताखाली धर.”

अनीसानं धरला. दाणा दबला.

“कोरडा दाना कटकन फुटते. तीस वर्सं झाली मी दात लावून राहिली, मले कागद नाही लागत. हे बी ओलं हाय. उगवायचं नाही. नत्थुजीलेबी वास आला होता. सोमवारी अमरावतीचे तपासणीवाले येनार होते, त्यायले सांगतो म्हने.”

“लाहोळे साहेबाले माहीत होतं हे?”

“त्यालेच सांगतलं ना नत्थुजीनं आधी. भोळा मानूस.”

अनीसानं आणखी दोन गोष्टी विचारल्या. रविवारी वीज कधी गेली? दुपारी दोन ते सहा, भारनियमन, इथे नेहमीचंच. जनरेटरवर काय चालतं? फक्त थंड खोली. मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं की कचेरीतल्या छोट्या फ्रिजात बाया पाणी ठेवतात का. कौशल्याबाईंनी नाक मुरडलं. फ्रिजाला कुलूप असतं, किल्ली साहेबांच्या कमरेला. एकदा उघडा दिसला होता, आत पाण्याची बाटली नव्हतीच. एका बरणीत तळाशी ओलं मीठ होतं. लोणचं घालते का काय हा मानूस, म्हणून त्या दोघी-तिघी हसल्या होत्या.

अनीसा हसली नाही. ती गोदामाच्या पायरीवर बसली आणि तिनं डोकं धरलं.

गोदामामागच्या खोलीत नत्थुजींची बायको पार्बताबाई भिंतीला टेकून बसली होती. शनिवार-रविवार ती माहेरी होती, सोमवारी निरोप मिळाल्यावर परतली होती. तिला रडू येत नव्हतं. तिचं एकच म्हणणं होतं, ते तिनं अनीसाला तीनदा सांगितलं. मानूस गेला तो गेला, पन लोक म्हणून राहिले का कामावर झोपायले गेला म्हून मेला. अकरा वर्सांत तो झोपला नाही. अनीसा तिच्याजवळ तासभर बसली. मुद्दा आता एकट्या ताहेरचा राहिला नव्हता.

बुधवारी ती अमरावतीला गेली. बियाण्याच्या तपासणीचं कार्यालय तिथे आहे आणि गोदामाचा साप्ताहिक कागद दर सोमवारी तिथे पोचतो. फायली सांभाळणारी भावना तिची तंत्रनिकेतनातली मैत्रीण. आधी ती नियम दाखवत होती. तायड्यांचा फोन गेल्यावर तिनं पंधरा आठवड्यांचे कागद टेबलावर पसरले. सगळ्यांवर तेहेतीसची रेघ, फूटपट्टी लावल्यासारखी. आणि प्रत्येक शनिवारी पाचच्या सुमारास एक दात: माघात तीस-बत्तीस अंश, मेपर्यंत सदतीस, ओलावा वीस-पंचवीस टक्के, पंधरा-वीस मिनिटं. शेजारी लाहोळ्यांच्या हातचा शेरा, ‘तपासणीसाठी दार उघडले.’ पंधरा आठवड्यांत कोणालाही वाटलं नाही की बघावं. शेरा असला की आपल्याकडे घोडं पुढे जातं.

गुरुवारी सकाळी गोदामाच्या कचेरीत चौघं होती. तायडे, अनीसा, लाहोळे, आणि दारात कौशल्याबाई. लाहोळ्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला होता. तो कोणी घेतला नाही.

“लाहोळे साहेब,” अनीसानं सुरुवात केली, “सोमवारी साडेआठला दार उघडलं. बाया आल्या, तुमी आले. दहापर्यंत, दीड तास, दार सताड उघडं. बरोबर?”

“हो. मग?”

“कागदावर तेव्हा दहा अंश अन् तेहेतीस टक्केच कसे?”

“बाहेरची हवा कोरडीच आहे की. मे महिना आहे.”

“हेच चुकलं तुमचं. मेची हवा टक्क्यानं कोरडी असते, पन तिच्यात पाणी असते. ती थंड खोलीत शिरली, गार झाली, की तेवढंच पाणी तिले जास्त होते. टक्का नव्वदच्या वर जायले पायजे होता. तुमच्या कागदावर केसभर हालला नाही. कारण पेटीतली पट्टी त्या खोलीत नव्हतीच.”

लाहोळे म्हणाले की चिप बिघडली असेल. स्वस्तातली वस्तू ती.

“मले वाटलं तुमी हे म्हनसान,” अनीसा म्हणाली. “रविवारी दोन ते सहा उष्णता सहा अंशांनी चढली. वीज नव्हती. पन थंड खोली जनरेटरवर चालते, तिथे चढायचं कारण नाही. जनरेटरवर नसलेलं, गार, या गोदामात एकच हाय.” तिनं कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजाकडे बोट केलं. “अन् उष्णता चढली तं टक्का उतरायले पायजे. तोही हालला नाही. बंद भांड्यात ओलं मीठ असलं तरच असं होते. मीठ हवेतलं जास्तीचं पाणी ओढते, कमी पडलं तं सोडते, टक्का एका जागी धरून ठेवते. खायचं मीठ पंचाहत्तरवर धरते. मॅग्नेशियमचं मीठ तेहेतीसवर.”

मग ती तायड्यांकडे वळली.

“हे यायले मीच शिकवलं साहेब. चिप बरोबर मोजते का नाही, ते तपासायची रीत हाय ती. बरणीत घालायची मिठाची पुडी मीच देल्ली होती.”

तायड्यांनी हात पुढे केला. लाहोळ्यांनी किल्ली काढायला वेळ लावला. फ्रिजात बरणी होती, तळाशी ओलं पांढरं मीठ. टोपीवरचा कण कशाचा, ते आता वेगळं सांगायला नको होतं.

“चिप तपासायलाच ठेवलं होतं ते,” लाहोळे म्हणाले. “त्यात गुन्हा काय?”

“पंधरा आठवडे?” तायड्यांनी विचारलं. “हवा कोरडी करायचं यंत्र माघात जळालं, ताहेरनं सांगतलं. नवं तुमी घेतलं नाही. बियाणं ओलं झालं, भोंगा रोज कोकलला असता. म्हून आतली पट्टी काढून इथं ठेवली अन् भिंतीवर रिकामी पेटी; सोमवारी नोंदी काढायच्या नावानं पेटी उतरवली अन् पट्टी परत आत घातली. होय का नाही?”

“समजा असेल. पण तो माणूस मी मारला का? मी पाचला निघालो. दार ताहेरनं उघडलं, सात-दहाला. कागदात आहे.”

“पट्टी त्या खोलीत नव्हती, असं तुमी आत्ताच कबूल केलं,” अनीसा म्हणाली. “मंग खोलीचं दार उघडल्याचं तिले कसं कळंन?”

लाहोळ्यांनी छापील कागद पुढे ओढला.

“सात-दहाले कळलं ते दुसरंच,” अनीसा म्हणाली. “ सदतीस अंश अन् एकवीस टक्के, ही या कचेरीची हवा. कोनीतरी पट्टी बरणीतून काढली, या टेबलावर ठेवली, नोंदी उतरवल्या अन् वीस मिनिटांनी परत ठेवली. दर शनिवारी कोनीतरी हेच करते, पंधरा शनिवार. ताहेरभाई त्यातल्या एकाही शनिवारी इथं नव्हता. फ्रिजाची किल्ली त्याच्यापाशी नव्हती. फक्त या शनिवारी पाचचे सात झाले. काहून झाले, ते तुमीच सांगा.”

“मोटार पाचला गेली, सगळ्यांनी पाहिली.”

“मोटार गेली,” तायडे म्हणाले. “त्यात तुमची बायको अन् पोरं होती. साखरपुडा आठला लागला, मामा हजर नव्हता. तुमी साडेदहाले पोचले, बसनं. भाचीनंच सांगतलं. पोरीले वाईट वाटून राहिलं होतं.”

फ्रिज घरघरत होता. मग लाहोळे बोलले ते कोणाकडेही न बघता. नत्थुजी चारला आला आणि म्हणाला, साहेब, बी सडून राहिलं, सोमवारी मी तपासणीवाल्यायले सांगतो, गरिबाच्या वावरात हे नाही गेलं पायजे. तीन तास समजावलं, पैसे देतो म्हटलं. ऐकेना. सात-दहाला इथे नोंदी उतरवत होतो तरी तो दारातून तेच बोलत होता. साडेसातला त्याला म्हटलं, कोणतं पोतं, दाखव. तो दाराच्या आत वहाणा काढून पोत्यांकडे गेला. बियाण्यापाशी तो कधी वहाणा घालून जात नसे.

“घाबरवायचं होतं फक्त. तासाभरात ताहेर उतरेल, त्याला ऐकू जाईल, असं वाटलं.”

“भिंती वीतभर जाड हायत,” तायडे म्हणाले. “तुमाले माहीत होतं. अन् रविवारी? अख्खा रविवार होता. एक फोन लावायचा होता.”

“रविवारी लग्न होतं,” लाहोळे म्हणाले.

पोलीस-कोर्टाच्या बातम्या लिहिताना मी पुष्कळ गुन्हेगारांची उत्तरं ऐकली आहेत. इतकं साधं आणि इतकं किळसवाणं उत्तर दुसरं आठवत नाही.

लाहोळ्यांना जीपमध्ये बसवलं. ताहेरला सोडायचा कागद तायड्यांनी तिथेच टेबलावर लिहिला. यंत्र बंद, दार उघडं, सोयाबीनची पोती पंचांपुढे मोजणं चालू होतं. पार्बताबाई हळूहळू चालत आली आणि थंड खोलीच्या दाराशी उभी राहिली. ती दोन पोती अजून तशीच होती, एकावर एक.

“त्यायले बसाले तिथंच जागा सापडली का?” तिनं विचारलं. “दाराशी काहून नाही बसला? दार तं इकडे हाय.”

कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांना सोमवारीच कळलं असणार, पण त्या बोलल्या नव्हत्या.

अनीसानं तिचा हात धरला. “बसले नव्हते काकू. चढले होते. पेटीले हाऽऽ करायले. त्यायले वाटलं भोंगा वाजंन, कोनीतरी येईन.”

“मंग?”

“आत काही नव्हतं काकू. रिकामी होती.”

पार्बताबाई त्या खिळ्याकडे बघत राहिली. किती वेळ हाऽऽ केलं असंन, हे तिनं विचारलं नाही आणि अनीसाला ते सांगताही आलं नसतं. जी चिप त्याचा एकेक श्वास टिपू शकली असती, ती त्या रात्री कचेरीत बरणीत मिठाची हवा मोजत होती.

मग म्हातारी म्हणाली, “लाव ना ते. जागच्या जागी लाव.”

तायड्यांनी मान डोलावली. अनीसानं पट्टी पेटीत बसवली, तारा जोडल्या, आणि त्या दोन पोत्यांना पाय न लावता स्टूल मागवून पेटी खिळ्याला अडकवली. हाऽऽ करायची गरजच पडली नाही. तिनं हात काढला आणि बाहेर भोंगा कोकलला. ओली खोली, ओलं बी, सगळं एकदम. मोजणारे पंच दचकले. रस्त्यावर चहावाला उठून उभा राहिला.

तायड्यांनी भोंग्याच्या बटणाकडे हात नेला.

“वाजू द्या साहेब,” पार्बताबाई म्हणाली. “शनिवारी वाजायचा होता तो.”

ती दाराच्या उंबऱ्यावर बसली, तिथे ठेवलेल्या वहाणा तिनं मांडीवर घेतल्या आणि भोंगा वाजत राहिला.